आधी अंतर, मग लेन्स

घरात पहिला चांगला कॅमेरा येतो तो बहुधा एखाद्या निमित्ताने. मुलीने पदवी मिळवलेली असते, मुलाचा साखरपुडा ठरलेला असतो, किंवा दिवाळीच्या हिशेबात वर्ष चांगले गेल्याचे दिसलेले असते. त्या कॅमेऱ्याबरोबर खोक्यातून एक लेन्सही येते. तिच्यावर १८-५५ किंवा तत्सम आकडे असतात. चार-सहा महिने लग्ने, सहली आणि वाढदिवस टिपून झाले की त्या तरुण हाताला बाजारातील माणसे खुणावू लागतात. मंडईत पहाटे उतरणारी पोती, भुलेश्वरच्या गल्लीत हार ओवणारी बोटे, झवेरी बाजारात काट्यावर झुकलेली मान. मग एके दिवशी जेवताना विषय निघतो, ‘मला नवी लेन्स हवी.’ किंमत ऐकून वडीलधारे विचारतात, ‘आहे त्या लेन्सचे काय बिघडले?’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘काहीच बिघडलेले नाही’ असेही असू शकते. दुकानात मात्र बहुधा वेगळेच उत्तर मिळते. काउंटरवर ७०-३०० मिमीची लांबलचक झूम लेन्स काढून ठेवली जाते, समोरच्या गच्चीवरील कबूतर हाताशी आल्यासारखे दिसते, आणि एवढ्या पैशांत एवढा पल्ला मिळतो म्हटल्यावर व्यापारी मनाला सौदा फायद्याचा वाटतो. पक्षी, क्रीडांगण किंवा व्यासपीठावरील कार्यक्रम यांच्यासाठी ती लेन्स उत्तम आहे. रस्त्यावरील छायाचित्रणासाठी घेतली असेल, तर ती थोड्याच दिवसांत कपाटात जाऊन बसते. दोष तिच्या काचेचा नसतो. ती आपल्याला जिथे नेऊन उभे करते, त्या जागेचा असतो.

आकड्याचा अर्थ

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ. शाळेच्या पुस्तकात तिची व्याख्या भिंग आणि प्रतिमा यांतील अंतरावरून दिलेली असते. बाजारात उभे राहणाऱ्याने तिचा अर्थ दुसऱ्या अंतरावरून समजून घ्यावा. समजा, एक माणूस समोर उभा आहे आणि आडव्या चौकटीत तो डोक्यापासून पायांपर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, मावायला हवा. जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला, म्हणजे ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो कॅमेरा हाती असेल, तर २८ मिमीच्या लेन्सने आपल्याला त्या माणसापासून साधारण साडेसात फुटांवर उभे राहावे लागते. ३५ मिमीने हे अंतर साडेनऊ फूट होते, ५० मिमीने १४ फूट, ८५ मिमीने २३ फूट. आणि २०० मिमीने तब्बल ५५ फूट.

भुलेश्वरमध्ये किंवा पुण्याच्या तुळशीबागेत ५५ फुटांची मोकळी रेषा मिळणे किती अवघड, हे तेथे एकदा तरी खरेदीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मध्ये दहा माणसे, दोन हातगाड्या आणि एखादी स्कूटर येणारच. शिवाय एवढ्या दुरून घेतलेल्या चित्रात मागची-पुढची माणसे एकमेकांवर थापल्यासारखी दिसतात. गर्दी दिसते, पण गल्लीची खोली नाहीशी होते. साडेसात किंवा साडेनऊ फूट हे मात्र बोलण्याच्या टप्प्यातील अंतर आहे. गादीवर बसलेला दुकानदार आणि पायरीशी उभे असलेले गिऱ्हाईक यांच्यामधल्या अंतराहून ते थोडेसेच अधिक. तेथून कॅमेरा उचलला की समोरच्या माणसाला आपण दिसतो, त्याला नकाराचा हात वर करता येतो, आणि हसून मान डोलावताही येते.

एक गुणाकार येथेच करून घ्यावा. बहुतेक घरांतील कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमहून लहान, एपीएस-सी जातीचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या अशा कॅमेऱ्यांत लेन्सवरील आकड्याला १.५ ने गुणावे, कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ ने. म्हणजे १८ मिमीची लेन्स सुमारे २८ मिमीसारखी चौकट देते, २३ किंवा २४ मिमीची ३५ मिमीच्या आसपास, आणि ३५ मिमीची ५० मिमीच्या थोडी पुढे. दुकानात ‘५० मिमी घ्या, सगळे तीच घेतात’ असा सल्ला मिळतो तेव्हा हा गुणाकार विसरला जातो. लहान सेन्सरवर ती लेन्स ७५ ते ८० मिमीचे काम करते. चेहऱ्यांसाठी सुंदर, गल्लीसाठी आखूड.

या हिशेबातून वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर निघते. १८-५५ च्या त्या साध्या लेन्समध्ये २८, ३५ आणि ५० ही तिन्ही अंतरे आधीच आहेत. नवी लेन्स कोणतेही नवे दृश्य देणार नाही. ती देईल तर अधिक प्रकाश, कमी वजन आणि एका अंतराची सवय. यांपैकी आपल्याला कशाची गरज आहे, हे ठरल्यावाचून पैसे मोजू नयेत.

मोठ्यांनी काय वापरले

रस्त्यावरील छायाचित्रणाला आजचे रूप लाभले ते लहान कॅमेऱ्यामुळे. ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या जत्रेत विक्रीस आला. कोटाच्या खिशात मावेल असा तो कॅमेरा, आणि त्यावर ५० मिमीची लेन्स. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी हेच ५० मिमीचे अंतर जवळपास आयुष्यभर सांभाळले. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकत, म्हणजे लोकांचे लक्ष जाऊ नये. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी हत्येपूर्वी काही तास आधी गांधीजींची भेट घेऊन त्यांनी छायाचित्रे टिपली होती आणि नंतर अंत्ययात्रेचीही. त्यांच्या चौकटी शांत वाटतात त्यात ५० मिमीचा वाटा मोठा आहे. चौदा फुटांवरून माणसाचे नाक मोठे दिसत नाही आणि कडेचे चेहरे ताणले जात नाहीत.

न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड यांचा स्वभाव नेमका उलट होता. २८ मिमी लावून ते गर्दीत शिरत, चालता चालता टिपत, आणि एवढे टिपत की १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचे राहून गेले होते. त्यांच्या चित्रांत पाच-सात माणसांच्या पाच-सात गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. रुंद चौकटीला ते जमते. पण ती चौकट शिस्तही मागते, कारण कोपऱ्यातला विजेचा खांब, कुणाची पिशवी, अर्धा कापलेला हात, सगळे आत येऊन बसते.

आता जे दूरच्या लेन्सला अयोग्य म्हणतात (मीही त्यांच्यातला आहे) त्यांना गप्प करणारे एक उदाहरण. सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्याच रस्त्यांवर लांब लेन्स वापरून, पाऊस, बर्फ आणि धुरकटलेल्या काचांतून रंगीत छायाचित्रे काढली. कित्येक दशके ती फारशी कुणी पाहिली नव्हती. २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जाणकार थक्क झाले. परंतु ती चित्रे नीट पाहिली तर ध्यानात येते की त्यांत माणूस बहुधा ओळखू न येणारा आहे. एक लाल छत्री, काचेमागची एक आकृती, टोपीची कड. त्यांनी दुरून रंग पाहिला. कुणाचा चेहरा चोरला नाही. त्यांच्या वाटेने जायचे असेल तर लांब लेन्स जरूर घ्यावी.

आपल्या बाजारपेठांपुरते बोलायचे तर रघुबीर सिंग यांचे काम आधी पाहावे. १९४२ मध्ये जयपूरमध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकाराने मुंबई रंगांत टिपली. त्यांचे मुंबईवरील पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. झवेरी बाजार आणि तेथील जवाहिऱ्याची शोरूम हे त्यांचे १९८९ मधील छायाचित्र विशेष गाजले. काच, प्रतिबिंब आणि माणसे यांचे थर त्यांच्या चित्रांत एकावर एक रचलेले असतात. आपण रोज ज्या रस्त्याने पेढीवर जातो त्यात केवढे पाहण्याजोगे आहे, हे त्यांच्या पुस्तकाने कळते. त्याची किंमत लेन्सपेक्षा पुष्कळ कमी. वाचनालयात मिळाले तर तेवढीही नाही.

खतावणी काय सांगते

कोणता माल मागवावा हे ठरवताना व्यापारी मागील वर्षाची विक्री पाहतो. येथेही तेच करावे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, शटरचा वेग आणि फोकल लेंथ यांची नोंद ठेवतो. संगणकावर चित्राच्या माहितीत ती सहज दिसते, आणि छायाचित्रे सांभाळणाऱ्या बहुतेक प्रणालींत फोकल लेंथनुसार चित्रे वेगळी काढता येतात. रस्त्यावर काढलेली शेवटची ३००-४०० चित्रे घ्यावीत, त्यांतली आपल्याला आवडलेली पन्नासेक निवडावीत, आणि फक्त त्या पन्नासांच्या नोंदी पाहाव्यात. काढलेल्या सर्व चित्रांची सरासरी फसवी असते. गोदामात पडून राहिलेल्या मालावरून मागणी कशी कळणार?

आवडलेली चित्रे १८ ते २४ च्या बाजूला साचलेली दिसली, तर २८ किंवा ३५ मिमीसारखी लेन्स आपली. ३५ च्या आसपास असतील, तर ५० मिमीसारखी. सगळी ५५ वर असतील, तर मात्र थोडे थांबावे. या आकड्याचे दोन अर्थ होतात. कदाचित आपल्याला खरोखरच आटोपशीर चौकट आवडत असेल. किंवा जवळ जाण्याचा संकोच वाटत असल्यामुळे बोट आपोआप झूमच्या शेवटाकडे जात असेल. हा संकोच लेन्स बदलून जात नाही.

त्याची परीक्षा फुकट होते. झूमचे कडे २४ वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि महिनाभर, रविवारी सकाळी तासभर का होईना, त्याच एका चौकटीने काम करावे. पहिले दोन रविवार हात बांधल्यासारखे वाटतात. तिसऱ्या-चौथ्या रविवारी कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच चौकटीत काय येईल हे दिसू लागते आणि पाय आपोआप पुढे-मागे होतात. महिन्यानंतरही पट्टी काढण्याची घाई झाली नाही, तर त्या आकड्याची स्थिर लेन्स घेण्यास हरकत नाही. ज्यांच्याकडे अजून कॅमेराच नाही, त्यांनी फोनवर हाच प्रयोग करावा. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट २४ ते २६ मिमीच्या जवळ असते.

प्रकाशाचा हिशेब

आता नव्या लेन्सचा खरा लाभ पाहू. लेन्सवर एफ/१.८, एफ/३.५-५.६ असे जे लिहिलेले असते, तो तिच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा. आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स ३५ वर नेली की साधारण एफ/४.५ एवढीच उघडते. ३५ मिमीची एफ/१.८ ची लेन्स तिच्या सहा पट प्रकाश आत घेते. संध्याकाळी गल्लीत ताडपत्रीखाली जिथे जुन्या लेन्सला एक चाळिसांश सेकंद लागतो आणि चालणारा माणूस पुसट होतो, तिथे नव्या लेन्सने तेच चित्र एक अडीचशांश सेकंदात येते. चालत्या माणसासाठी साधारण तेवढाच वेग लागतो. दिवे लागल्यानंतरचा बाजार ज्यांना टिपायचा आहे, त्यांच्यासाठी हा फरक पैसे वसूल करणारा आहे.

दिवसा टिपणाऱ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. एफ/१.८ वर दहा फुटांवरच्या माणसाच्या पुढे-मागे मिळून जेमतेम अर्धा-पाऊण मीटर भाग स्पष्ट येतो. धावत्या बाजारात तेवढा नेम साधत नाही. जाणकार उन्हात छिद्र एफ/८ पर्यंत लहान करतात आणि फोकस आधीच ठरवून ठेवतात. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिमीची लेन्स एफ/८ ला ठेवून आठ फुटांवर फोकस केला, तर सुमारे पाच फुटांपासून तीस फुटांपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकस शोधण्यात क्षण दवडावा लागत नाही. जुन्या लेन्सवर फुटांची पट्टी कोरलेली असते. अनेक नव्या लेन्सवर ती नसते. अशा वेळी आठ फुटांवरील एखाद्या खांबावर फोकस साधून कॅमेरा मॅन्युअलवर टाकावा. काही लेन्स कॅमेरा बंद केला की हे विसरतात, एवढे ध्यानात ठेवावे.

एफ/१.४ च्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एफ/१.८ पेक्षा ती दीड-पावणेदोन पट प्रकाश अधिक देते, पण तिची किंमत आणि वजन बहुधा त्याहून जास्त वाढते. वजन ही येथे गौण बाब नाही. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सुमारे १६० ग्रॅम, त्यांचीच मिररलेससाठीची २८ मिमी एफ/२.८ अवघी १२० ग्रॅम, निकॉनची झेड ४० मिमी एफ/२ सुमारे १७० ग्रॅम. याउलट ७०-२०० मिमी एफ/२.८ जातीची मोठी पांढरी लेन्स दीड किलोच्या घरात जाते. ती घेऊन दुकानासमोर उभे राहिले की लोक वर्तमानपत्रवाले किंवा महापालिकेचे लोक आले असे समजतात आणि हातातले काम थांबवतात.

पेढीची पत

व्यापारी घरातील मुलामुलींना बाजारात एक सोय असते आणि एक जबाबदारीही. सोय अशी की त्यांना लोक ओळखतात. ‘अमक्या शेठची मुलगी’ म्हटल्यावर चहाही येतो. जबाबदारी अशी की काढलेले चित्र कुणाला बोचले, तर तक्रार कॅमेऱ्याकडे जात नाही, पेढीवर येते. तिजोरी, काटा, गिऱ्हाइकाच्या हातातील दागिना यांचे चित्र मालकाच्या होकाराशिवाय कधीही घेऊ नये. सराफ बाजारात ही सावधगिरी निव्वळ शिष्टाचाराची नाही, सुरक्षिततेची आहे. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारावे. डोक्यावर ओझे असलेला हमाल थांबूही शकत नाही आणि हात वर करून नकोही म्हणू शकत नाही. त्याने ओझे उतरवेपर्यंत थांबावे आणि मग ‘काका, एक फोटो घेऊ का?’ असे विचारावे. काही चित्रे यामुळे हातची जातात, हे खरे. पण पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत पुन्हा जायचे असते. चार बाय सहा इंचांची एक छापील प्रत नेऊन दिली, की तिसऱ्या खेपेला लोक स्वतःहून बोलावतात.

२८-३५ मिमीची लेन्स हे सारे घडवते असे नव्हे. पण ती विचारण्याजोग्या अंतरावर आणून सोडते. २०० मिमीमागे उभे असलेल्याला विचारायचे म्हटले तरी हाक ऐकू जाणार नाही.

घेताना

एपीएस-सी कॅमेरा असेल तर २३, २४ किंवा फार तर ३५ मिमीची, फुल फ्रेम असेल तर २८, ३५ किंवा ४० मिमीची, एफ/२.८ ते एफ/१.८ च्या दरम्यानची लहान स्थिर लेन्स हा बहुतेकांसाठी योग्य सौदा आहे. या आकाराच्या लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्ताकडच्या बाजूला असतात. पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांचा आग्रह धरावा; बिलाशिवाय मिळणारी सूट दुरुस्तीच्या वेळी वसूल होते.

मुंबईत फोर्टमधील बोराबाजार परिसरात जुन्या लेन्सही मिळतात आणि रस्त्यावरील छायाचित्रणासाठी जुनी लेन्स घेण्यात काही कमीपणा नाही. तेथे जुने फिल्म कॅमेरेही मोह घालतील. तरुणांत त्यांची आवड पुन्हा वाढली आहे, म्हणून आपल्या घरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. फिल्मवरील प्रकाशग्राही थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि ते जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. डिजिटल सेन्सरला हा प्रश्न नाही. कॅमेऱ्याचा पट्टाही चामड्याचाच हवा असे नाही. सुती आणि नायलॉनचे उत्तम पट्टे मिळतात.

जुनी लेन्स पाहताना दोन्ही बाजूंची झाकणे काढावीत आणि मोबाइलचा दिवा एका बाजूने तिरका धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी; लेन्स परत करावी, कितीही स्वस्त असली तरी. धुळीचे दोन-चार कण असले तर चित्रावर परिणाम होत नाही. छिद्राची पाती झटकन उघडतात-मिटतात का आणि त्यांवर तेल आले आहे का, ते पाहावे. कॅमेऱ्याला लावून जवळ आणि दूर फोकस करून पाहावा. घरघर ऐकू आली तर नको म्हणावे. आणि घरी आणल्यावर, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात, ती चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा ठेवाव्यात. आणि दर रविवारी लेन्स डब्यातून काढून वापरावी; वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.